दोन प्रोसेसर, एक खतावणी

बंद पडलेला संगणक दुरुस्त करणे फारसे अवघड नसते. अवघड असतो तो आठ दिवस निमूटपणे चालून नवव्या दिवशी निळा पडदा दाखविणारा, आणि दुरुस्ती करणारा दारात येताच पुन्हा शहाण्यासारखा वागणारा संगणक. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या एका निबंधात अशा दोषांचा 'हायझेनबग' या नावाने उल्लेख केला आहे. हायझेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावर केलेली ही कोटी. शोधू गेले की नाहीसा होणारा दोष, हा तिचा आशय.

सांगलीत आमच्या नात्यातील एका हळदीच्या पेढीवर असा पाहुणा हंगामभर मुक्कामाला होता. पेढीच्या प्रमुखांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांनी दोन प्रोसेसरांचा एक वापरलेला सर्व्हर घेऊन पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला व पेढीवरील दहा संगणक त्याला जोडले. यंत्र मध्येच थांबे. पुन्हा सुरू केले की चाले. दुरुस्ती करणाऱ्याने एकाच भेटीत विंडोज नव्याने घातले, पॉवर सप्लाय बदलला आणि डिस्कही बदलली. अकरा दिवस शांततेत गेले. बाराव्या दिवशी पुन्हा निळा पडदा. तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे समजण्याचा मार्गच उरला नव्हता.

खरे नुकसान वेळेचे नव्हते. यंत्र थांबे त्या क्षणी चालू असलेली नोंद अर्धवट राही. माल गोदामातून वजा होई, पण खरेदीदाराच्या नावे पडत नसे. महिनाअखेरीस साठ्याचा ताळा घेतला तेव्हा चाळीस पोत्यांचा फरक आला. सत्तावीस वर्षे चाकरीत असलेल्या दिवाणजींना कोणी एका शब्दाने बोलले नाही, पण गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेण्यात आल्या.

अण्णांच्या धाकट्या सूनबाईंना संगणकाची विद्या अवगत नव्हती, हिशेबाची होती. त्यांनी सर्व्हरशेजारी एक वही टांगली. यंत्र थांबले की तारीख, वेळ, पडद्यावरील सांकेतिक क्रमांक, त्या वेळी चाललेले काम आणि माळ्यावरचे तापमान लिहावयाचे. तोवर कोणीही काही बदलावयाचे नाही. ही शेवटची अट पाळणे घरात सर्वांनाच जड गेले, अण्णांना सर्वाधिक.

सव्वीस दिवसांत चौदा नोंदी झाल्या, आणि त्यांचे आपोआप दोन गट पडले. नऊ नोंदी संध्याकाळच्या, सर्व संगणकांवरून बिले भरली जात असताना व त्याच वेळी बॅकअप चालू असतानाच्या. त्यांचा क्रमांक प्रत्येक वेळी डी१, आणि सोबत नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरच्या फाइलचे नाव. उरलेल्या पाच भर दुपारच्या. त्यांचा क्रमांक १२४. डी१ हा क्रमांक बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवितो, तर १२४ हा प्रोसेसर, मेमरी यांसारख्या प्रत्यक्ष भागांकडे. दोष एक नव्हता, दोन होते. म्हणूनच आजवर कोणताही उपाय पुरता लागू पडल्यासारखा दिसला नव्हता.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादे उपकरण यांच्यामधला दुभाषा. तो सदोष असेल तर रोज का चुकत नाही? याचे उत्तर पेढीवाल्यांना चटकन पटावे. दोन कारकून एकाच खतावणीवर बसले आहेत. खात्यावर ५,००० रुपये जमा आहेत, हे दोघांनीही पाहिले. एकाने २,००० जमा करून ७,००० लिहिले. दुसऱ्याने त्याच जुन्या ५,००० मधून १,००० वजा करून त्यावर ४,००० लिहिले. खरी बाकी ६,००० हवी. दोघांपैकी कोणाचीही बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, आणि एकामागून एक लिहिले असते तर काहीच बिघडले नसते. एकाच्या हातात वही असताना दुसऱ्याने थांबावे, असा नियम ड्रायव्हर लिहिणाऱ्याने घालावयाचा असतो. तो एखाद्या ठिकाणी राहून गेला, की दोन प्रोसेसर नेमके एकाच क्षणी तेथे पोहोचेपर्यंत सारे सुरळीत चालते. कामाची गर्दी जितकी अधिक, तितकी ती गाठ पडण्याची शक्यता अधिक.

याच जातीच्या दोषाने माणसेही दगावली आहेत. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रातून १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना किरणांची घातक मात्रा मिळाली. त्यांपैकी दोन अपघातांतला दोष यंत्र चालविणाऱ्याने सूचना फार झपाट्याने दुरुस्त केल्या तरच प्रकट होई. टेक्सासमधील एका रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने टंकलेखनाच्या त्या वेगाचा सराव करून घेतला व दोष मुद्दाम पुन्हा घडवून दाखविला.

सूनबाईंनी पुढे एका वेळी एकच बदल केला. 'एमएसकॉन्फिग' मधील बूट या भागात प्रोसेसरांची संख्या एक केली आणि आठवडाभर संथ यंत्र सोसले. संध्याकाळचे पडदे थांबले. दुपारचे दोनदा आलेच. मग दोन्ही प्रोसेसर पुन्हा चालू करून नेटवर्क कार्डाच्या निर्मात्याचा नवा ड्रायव्हर घातला. संध्याकाळ शांतच राहिली. ही फेरतपासणी आवश्यक होती, कारण एका प्रोसेसरवर केवळ भार कमी झाल्यानेही दोष लपू शकतो.

दुपारच्या दुखण्याचा पत्ता सर्व्हरच्या स्वतःच्या हार्डवेअर नोंदवहीत होता. सर्व्हरमधील ईसीसी मेमरी एका बिटाची चूक निमूटपणे सुधारते. दोन बिटांची चूक तिला ओळखता येते, सुधारता येत नाही, आणि मग यंत्र थांबते. सुधारलेल्या चुकांच्या शेकडो नोंदी महिनोन्महिने एकाच खाचेच्या नावावर पडत होत्या. कोणी त्या उघडल्या नव्हत्या. मेमरीची ती पट्टी दुसऱ्या प्रोसेसरच्या खाचेत घातली. चौथ्या दिवशी तक्रार नव्या खाचेच्या नावे आली. म्हणजे दोष खाचेत नव्हता, पट्टीत होता. पट्टी बदलली आणि माळ्यावर पंखा बसविला.

राहिली चाळीस पोती. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये यंत्र अवचित बंद झाल्याच्या वेळा मिनिटासह राहतात. त्या महिन्यातल्या वेळा सूनबाईंनी काढल्या आणि वजनकाट्याच्या कागदी पावत्यांशी ताडून पाहिल्या. दोन पावत्या नेमक्या त्या मिनिटांच्या निघाल्या, एक पंचवीस पोत्यांची, एक पंधरांची. दोन्ही खरेदीदारांनी माल मिळाल्याचे मान्य केले.

त्याच संध्याकाळी अण्णा किल्ल्यांचा जुडगा घेऊन स्वतः दिवाणजींच्या घरी गेले. दिवाणजींनी त्या लगेच हातात घेतल्या नाहीत. आधी त्यांनी त्या दोन पावत्या पाहावयास मागितल्या.