फलक कोणी लावला?

वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि व्यक्तीचे खाजगी जीवन यांच्यातील संघर्षाची चर्चा आपल्याकडे बहुधा पत्रकाराला पिंजऱ्यात उभे करून होते. मी स्वतः शासकीय सेवेतला, तरी मला वाटते की पहिला प्रश्न प्रशासनाला विचारला पाहिजे. नाव, पत्ता, छायाचित्र वार्ताहराच्या हाती पडते कोठून? पुष्कळदा आमच्याच कार्यालयातून.

लखनौचे उदाहरण घेऊ. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधी आंदोलनात १९ डिसेंबर २०१९ रोजी तेथे हिंसाचार झाला. नुकसानभरपाई वसूल करण्यासाठी म्हणून मार्च २०२० मध्ये प्रशासनाने पन्नासहून अधिक व्यक्तींची छायाचित्रे, नावे व घरचे पत्ते असलेले फलक रस्तोरस्ती लावले. माध्यमांनी तेच फलक देशभर दाखविले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ८ मार्चला, रविवार असूनही, सुनावणी केली व दुसऱ्या दिवशी फलक उतरविण्याचा आदेश दिला. अशा फलकांना कायद्याचा आधार नाही आणि त्यांनी अनुच्छेद २१ चा भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले. (फरारी आरोपीचे छायाचित्र लावणे ही वेगळी गोष्ट.) सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती न देता प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठविले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने वसुलीच्या २७४ नोटिसा मागे घेतल्या आणि वसूल झालेली रक्कम परत करण्याचा आदेश झाला. रक्कम परत करता येते; घराघरांत पोहोचलेला पत्ता परत कसा घेणार?

या संदर्भात १९९४ चा राजगोपाल निकाल आमच्या प्रशिक्षणात शिकविला जावा. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या आत्मचरित्रात अधिकाऱ्यांचे लागेबांधे उघड होणार होते, आणि ते छापू नये म्हणून तुरुंग खात्याने तमिळ साप्ताहिकाला दटावले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सार्वजनिक अभिलेखात आलेली माहिती, काही अपवाद वगळता, छापता येते. आणि अधिकाऱ्याला आपल्या शासकीय कामाबाबत खाजगीपणाची ढाल पुढे करता येत नाही.

आता मात्र हीच ढाल आमच्या हाती आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येते. त्या कलमातील व्यापक जनहिताची अट गेली. कलम ८(२) मध्ये जनहिताची तरतूद शिल्लक आहे खरी, परंतु ती लागू करायची की नाही, हे प्रथम ठरविणारा जन माहिती अधिकारी आमच्यातलाच असतो.