ताकाला जाऊन भांडे का लपवता?

उन्हाळा लागला की मोबाईलवर ताकाचा पूर येतो. जेवणानंतर पेलाभर मसाला ताक घ्या, पोटाचे सगळे विकार पळतील, ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे, दवाखान्याची पायरी चढायची गरज नाही! आपल्याच वस्तीतली शिकलेली पोरे असले संदेश पुढे ढकलतात, म्हणून हे लिहावे लागते आहे.

आमचे भांडण ताकाशी नाही. आले, जिरे, हिंग, कोथिंबीर घातलेले ताक आम्हीही आवडीने पितो. आमचे भांडण त्याला लावलेल्या 'ऋषिमुनींच्या' शेपटीशी आहे.

चरकसंहितेत ताकाची स्तुती आहे, हे खरे. मूळव्याध आणि ग्रहणी या विकारांवर तिथे ताक सांगितले आहे. पण त्याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७व्या अध्यायात, गोमांसाचेही गुण नोंदवले आहेत. विषमज्वर, कोरडा खोकला, थकवा, मांसक्षय यांत ते हितकर आहे असे तिथे म्हटले आहे. ताकाचे पान फडकवणारे हे पान का उघडत नाहीत? २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, तेव्हा यांच्यापैकी किती जणांना चरक आठवला? ग्रंथ प्रमाण असेल तर पूर्ण प्रमाण माना. सोयीचे तेवढे मिरवायचे आणि गैरसोयीचे झाकायचे, हे ज्ञान नव्हे, राजकारण आहे.

बरे, ताक ही काही एकट्या वैदिक परंपरेची मिरासदारी नाही. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना पाच गोरसांची परवानगी दिली आहे: दूध, दही, ताक, लोणी आणि तूप. पालीत ताकाला 'तक्क' म्हणतात. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द त्याच्या किती जवळ आहे ते बघा. याच महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आणि आनंदाने मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. आम्ही आरोग्याची परंपरा म्हणतो ती ही. औषधाचे गुण सांगणारे पुष्कळ असतात, रोग्याला हात लावतो तो खरा वैद्य.

आता भांड्याकडे येऊ. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण आपण सगळे वापरतो. पण ताकाला भांडे घेऊन जायचे कोण? ज्याच्या दारात गाय-म्हैस नाही तो. जमीन नाही, म्हणून चारा नाही; चारा नाही, म्हणून जनावर नाही. आमच्या आज्या वाड्याच्या मागच्या दाराशी डबा घेऊन उभ्या राहत. लोणी काढून उरलेले ताक वरून, अंतर राखून ओतले जाई. शिवाशिव नको म्हणून. ज्यांना हे ताक 'आपली परंपरा' वाटते, त्यांनी त्या परंपरेत आपण नेमके कुठे उभे होतो हे आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

ही गोष्ट फक्त ताकाची नव्हती. १९३६ साली जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या माणसांना जेवण दिले. पंगतीत तूप वाढले. तेवढ्यावरून सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. बाबासाहेबांनी ही घटना 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवून ठेवली आहे. त्याआधी, २० मार्च १९२७ रोजी महाडला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, तर तळे बाटले म्हणून १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' केले गेले. त्या घागरींत काय होते? शेण, गोमूत्र, दूध आणि दही! ज्या दह्याचे ताक होते, तेच दही माणसाचा स्पर्श धुवायला वापरले गेले. पोटाच्या औषधाचा इतिहास सांगता, मग हा इतिहास का गाळता?

आता पोटाचे बोलू. ताकात पाणी असते, मीठ असते, आंबवणारे जिवाणू असतात. दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक सोसते. एवढे खरे आहे, आणि एवढेच म्हणावे. पण वस्तीत लेकराला जुलाब लागतात तेव्हा प्रश्न पाचक अग्नीचा नसतो, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याचा असतो. त्याच पाण्यात ताक घुसळले तर औषधच रोग होते.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून माणसे वाचवली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांनी ग्रंथाचा हवाला दिला नाही. किती रोगी आले, किती वाचले, हे मोजून जगापुढे ठेवले. संविधानाच्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे, त्याचा अर्थ हाच.

म्हणून मित्रांनो, ताक खुशाल प्या. पण लेकराला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा, घोटघोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा. पुढचा संदेश ढकलण्याआधी विचारा: हे मोजले कोणी? वस्तीच्या नळाचे पाणी शेवटचे कधी तपासले? उपकेंद्रात ओआरएसची पाकिटे आहेत का? हे प्रश्न ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या.

आमच्या आज्यांनी ताकासाठी भांडे पुढे केले. आम्ही ते लपवणार नाही. फक्त आता त्यात वरून ओतलेले ताक नको, हक्काचे स्वच्छ पाणी हवे.

जय भीम!