पाश तोच, सावकार नवा!

वाशीम / प्रतिनिधी

गाजलेल्या जुन्या चित्रपटाचा रिमेक आला की चर्चा ठरलेली असते. मूळ नायिका सरस की नवी, जुनी गाणी गोड की आताची, यापलीकडे ती सहसा जात नाही. तोच विषय पुन्हा का मांडावा लागला, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. नापिकी आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यातून पाहिले, तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कारण मराठी माणसांनी काढलेल्या सुरुवातीच्या वास्तववादी चित्रपटाचा नायक कर्जात बुडालेला शेतकरीच होता.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, एवढेच कथानक. देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या पडद्यावर अंधारी झोपडी आली, तिच्याजवळ रडणारे कुत्रे आले. पडद्याला वाचा फुटल्यावर १९३६ मध्ये पेंटर यांनीच या चित्रपटाचा बोलपट केला. तंत्र बदलले म्हणून रिमेक झाला, हे खरे. पण विषय जुना झाला नव्हता, हेही तितकेच खरे.

पुढे मेहबूब खान यांनीही हेच केले. १९४० चा त्यांचा 'औरत' १९५७ मध्ये 'मदर इंडिया' होऊन आला. कृष्णधवल पडदा रंगीत झाला, सरदार अख्तर यांच्या जागी नर्गिस आल्या. सुक्खीलाला सावकार मात्र दोन्ही वेळा कन्हैयालाल यांनीच रंगविला. नायिका बदलली, देश स्वतंत्र झाला, पण सावकाराला पर्याय सापडला नाही!

अलीकडच्या रिमेकमागे बहुधा वेगळे गणित असते. चाललेल्या कथेत जोखीम कमी, नाव आधीच घरोघरी पोहोचलेले. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) 'धडक' (२०१८) झाला, तेव्हा कथा करमाळ्याहून उदयपूरला गेली आणि जातवास्तवाची धार बोथट झाल्याची टीका झाली. उलट १९५३ चा आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' गाजलेला असतानाही सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये साने गुरुजींच्या त्याच पुस्तकाकडे वळून कृष्णधवल चित्रपटच केला. म्हणजे रिमेक वाईट नसतो. मूळ कृतीतले काय घ्यायचे आणि काय गाळायचे, यावर त्याचे मोल ठरते.

या कसोटीवर 'सावकारी पाश' आज कुणी हाती घेतला तर? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २००६ मध्ये पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत होता. त्यानंतर २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफीच्या घोषणा झाल्या. २०१४ मध्ये राज्यात सावकारीचा नवा कायदा आला. अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याचे अधिकार त्याने जिल्हा उपनिबंधकांना दिले. पेंटर यांच्या नायकाला ही दाद मागण्याची सोय नव्हती.

तरीही पाश सुटला, असे म्हणता येत नाही. त्याने रूप बदलले आहे. पीककर्ज थकले की बँकेचे दार बंद होते. मग कृषी सेवा केंद्राची उधारी, सोने तारण, बचत गटाच्या नावावरील खासगी वित्तसंस्थेचा हप्ता आणि शेवटी गावातला ओळखीचा माणूस. सोयाबीनचा भाव पडला की ही साखळी एकाच वेळी आवळते. नव्या चित्रपटात मिशा पिळणारा, चोपडी उघडून बसलेला सावकार दाखवून भागणार नाही. त्याच्याकडे पावती असेल, गणवेश असेल, मोबाईलवर येणारा हप्त्याचा संदेशही असेल. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'ने (२००९) विदर्भातील शेतकऱ्याच्या घरातली घालमेल दाखवली. त्या घराबाहेर उभ्या असलेल्या नव्या सावकाराची गोष्ट अजून पुरती सांगून झालेली नाही.

१९२५ च्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. पण ज्या चित्रपटाची रिळे नष्ट झाली, त्याचे कथानक कारंजा, मानोरा, रिसोडच्या शिवारात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. जुन्या चित्रपटाच्या थोरवीचा हा पुरावा नक्कीच आहे; शंभर वर्षांतील धोरणांविषयी मात्र तो फारसे बरे बोलत नाही.