दोन तारांची थाप

“मास्तर, डिजिटल घ्या. रुळांना दोन तारा जोडल्या की झालं!” गेल्या दिवाळीत एका दुकानदाराने मला सांगितले, आणि वर्गात ‘ताळा पाहा’ म्हणून ओरडणारा मी मुकाट्याने पैसे मोजून आलो. बारा फुटी फळीवर गाडी धावली खरी, पण पलीकडच्या टोकाला गेली की अडखळे. पुतण्या रडवेला होऊन म्हणाला, “काका, माझंच काही चुकलं का?”

डिजिटलशी माझे वाकडे नाही. पूर्वी दोन इंजिने वेगवेगळी हाकायची तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला बटण लावावे लागे. जर्मनीतील लेन्झ यांच्या पद्धतीवरून अमेरिकेतील छांदिष्टांच्या संघटनेने १९९०च्या दशकात मानक ठरवले आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक मिळाला. झकास सोय! पण हुकूमही त्याच रुळांतून जातो ना? सांधा सैल असला की वीज अडते, हुकूमही अडतो. मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच मिळाला, तर डावा रूळ उजव्याला भिडून शॉर्ट होणारच. त्याला डिजिटलमध्येही वेगळी तजवीज लागते.

शेवटी आम्ही फळी उलटी केली. खालून जाड तारांची जोडी नेली आणि दर तीन फुटांवर तारा डाख देऊन रुळांशी जोडल्या. गाडी सुरळीत चालली. चूक पोराची नव्हती. ‘समजून घ्यायची गरज नाही’ असे सांगून माल विकणाऱ्यांची होती. तेव्हा आईबापांनो, यंदा गाडी आणाल तर सोल्डरिंग गनही आणा, आणि मुलाशेजारी फळीखाली शिरा!