वड्याला नाही, तेलाला विचारा!

लेक्चर सुटलं की पाय आपोआप वरळी नाक्याकडे वळतात, हो ना? गरमागरम वडा, सोबत तळलेली मिरची आणि थोडा चुरा. तेवढ्यात ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, "किती ऑइली आहे रे!" आणि सगळा दोष बिचाऱ्या वड्यावर. माझं म्हणणं वेगळं आहे. तळणं हा गुन्हा नाहीच.

तेल नीट तापलेलं, म्हणजे १७०-१८० अंशांच्या आसपास असलं, की पदार्थातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते. कढईतले बुडबुडे म्हणजे तीच वाफ. ती जोरात बाहेर येते तोवर तेलाला आत फारशी वाट मिळत नाही. कोळीवाड्यातले बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतात, ते असेच. खरी गडबड होते ती तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर. ते काळं पडतं, दाट होतं, फेसाळतं, लवकर धुरावतं. त्यात 'पोलर' संयुगं साठत जातात. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल वापरायचं नाही, विषय संपला.

पण मग ते तेल जातं कुठे? २०१८ मध्येच आलेल्या 'रुको' योजनेत एफएसएसएआयने स्पष्ट म्हटलंय, की वापरलेलं तेल छोटी हॉटेलं, ढाबे आणि गाड्यांपर्यंत पोचतं. म्हणजे टॉवरखालच्या कढईतून निघालेलं तेल चाळीसमोरच्या कढईत पुन्हा उकळू शकतं. आणि बदनाम कोण? गाडीवाला! खरं तर तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं असतं. त्याचं बायोडिझेल होतं.

म्हणून गाडीवाल्या काकांशी हुज्जत घालण्याआधी आपल्या कॅन्टीनमध्ये दोन प्रश्न विचारा. तेल कधी बदललं? जुनं कुणाला दिलं? एकट्याने विचारलं तर हसतील, सगळ्या वर्गाने विचारलं तर उत्तर द्यावंच लागेल. आणि चांगल्या तेलापायी वडा दोन रुपयांनी महागला, तर कुरकुर करू नका. स्वस्त वड्याची किंमत कुणीतरी मोजतंच.

आणि हो, वाचून झालं की हे पान वड्याखाली घेऊ नका. छपाईची शाई पोटात जाण्यासाठी नसते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला नियमाने बंदीच आहे!