या आठवड्यात तुला काय सापडलं?

शिक्षक मित्रांनो, शुक्रवारी रात्री आपल्या मोबाईलवर काय काय येतं ते आठवून बघा. 'मुलांना नक्की दाखवा' असे व्हिडिओ, 'लगेच डाउनलोड करा' असं अ‍ॅप, बालगीतांच्या लिंक, पुस्तकांच्या पीडीएफ. पाठवणाऱ्याने त्यातलं किती उघडून पाहिलेलं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी तेच वर्गातल्या टीव्हीवर लागतं, फोटो निघतो, फोटो परत ग्रुपवर येतो. झाला आनंददायी शनिवार!

२०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी हा शनिवार आला. कल्पना चांगलीच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की त्यातला अर्धा तास तरी मुलांनी बोलायचं आणि आपण ऐकायचं. विचारायचं एवढंच : या आठवड्यात तुला काय सापडलं? गाणं, पुस्तक, अ‍ॅप, एखादी जागा, काहीही चालेल. फक्त ते स्वतः ऐकलेलं, वाचलेलं, वापरलेलं, पाहिलेलं हवं. 'कुणीतरी पाठवलं' हे चालणार नाही.

आमचं मुठा खोरं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीतून पाहिलं असेल. पिरंगुटवरून मुठा घाट चढून उतरलात की आमचं गाव, पुढे टेमघर धरण आणि मग लवासा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी रस्ता गाड्यांनी भरतो. आमची मुलं ही गर्दी रोज बघतात आणि त्यांना वाटतं, बघण्यासारखं जे काही असतं ते बाहेरचे लोक ठरवतात. हे मला फार खटकतं. म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीला काय येणार? रीलमधली गाणीच येणार. येऊ द्या. हाकलू नका. कुणी म्हटलंय, कुठली वाद्यं वाजतायत, तुला त्यातलं काय आवडलं, एवढं विचारा. दोन-तीन शनिवारांत मुलं स्वतःच पुढे जातात.

चौथीतल्या एका मुलीच्या घरी एकच फोन, तोही वडील कामावर नेतात. ती म्हणाली, बाई, माझ्याकडे काहीच नाही. तिला म्हटलं, घरी आजी आहे ना, तिला कुठलं गाणं येतं ते विचार. पुढच्या शनिवारी ती वहीच्या पानावर जात्यावरच्या चार ओव्या लिहून घेऊन आली. सोबत एक प्रश्नही : आजीला पाठ आहेत, मग आईला का नाहीत? वर्गातच उत्तर निघालं. चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि पहाटे दळताना जे म्हटलं जायचं ते म्हणायची वेळच उरली नाही.

आता बघा, हे केवढं मोठं दार आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हे काम मुळात आपल्या या मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर उभं राहिलं. 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ओव्या, आवाजासकट, मोफत ऐकता येतात. त्यात आपल्या तालुक्यातल्या कोळावड्याच्या बायकाही आहेत. मी ते वर्गात लावलं तेव्हा मुलं आधी हसली, कारण बोलणं अगदी घरातल्यासारखं. मग गप्प झाली. आपल्या आजीसारखी बाई इंटरनेटवर असू शकते, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. आता सांगा, हे मला कुठल्या ग्रुपवरच्या लिंकमधून मिळालं असतं?

पुस्तकांबद्दल थोडंच सांगते. सारांश मागू नका, मुलं पाठ करून येतात. 'मित्राला कुठलं पान वाचायला देशील?' एवढंच विचारा. पुस्तकं नाहीत ही तक्रार फारशी खरी नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांचं 'वाचू आनंदे' शाळेच्या कपाटात असेल, तर कुलूप काढा म्हणजे झालं.

अ‍ॅपचं म्हणाल तर माझा विरोध नाही. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवणारं 'मर्लिन' मी माझ्या पाळीला मुलांना दाखवलं. (हो, बाईंचीही पाळी असते. आपण काही आणायचं नाही आणि मुलांकडून मागायचं, हे बरं नाही.) ओढ्याकाठी पावसाळ्यात शीळ घालतो तो शीळकरी कस्तूर निघाला. इंग्रजीत त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हणतात, हे ऐकून वर्ग खूश! पण नाव अ‍ॅपने सांगितलं तरी तो कुठल्या कपारीत घरटं करतो, ते सांगितलं एका कातकरी मुलाने. एरवी हा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. नंतर एका शनिवारी तो पहिल्या पावसातल्या खेकड्यांवर दहा मिनिटं बोलला. त्याच्या घरच्या बोलीत बोलला. अशा वेळी कृपा करून त्याचं मराठी सुधारू नका. शुद्धलेखनाला आठवड्याचे बाकीचे दिवस आहेत. तेवढ्यात एकदा टोकलंत, तर पुन्हा तो बोलेलच असं नाही, आणि अशी मुलं आधी गप्प होतात, मग गैरहजर राहू लागतात.

कुणी म्हणेल, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? अहो, यात भाषा आहे, परिसर आहे, श्रवण-भाषण तर आहेच. पाचवीतला एक मुलगा पुण्याला मावशीकडे जाऊन आला आणि भिडे पुलावरून पाहिलेली नदी सांगू लागला. पाणी काळं, वास येतो. दुसरा म्हणाला, ती वेगळी असेल. मग नकाशा काढला. आपली मुठा टेमघरवरून खाली येते, तिला आंबी आणि मोसी मिळतात, पुढे खडकवासला, मग पुणे, संगमावर मुळा. तीच नदी आहे हे बोट फिरवून पटल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. नद्यांचा पाठ मी दरवर्षी शिकवते. असा प्रश्न त्या पाठावर कधी आला नव्हता : 'बाई, मग ती काळी कुठून होते?'

गुण देऊ नका. फोटो काढू नका, निदान बोलणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका. अहवालात एक ओळ पुरते. ज्याला काही सापडलं नाही त्याला 'नाही सापडलं' म्हणू द्या.

येत्या शनिवारी आमच्याकडे वेगऱ्याची पाळी आहे. नदी तिथल्या डोंगरात निघते म्हणतात, तर ती नेमकी कशी दिसते ते बघून येतो, असं एकाने सांगून ठेवलंय. मामा गाडीवर नेणार आहे, पाऊस उघडला तर.