आजार वाडी बघून येतो

"आमच्याकडे झोपडपट्टी नाही, भिकारी नाही, कुणी उपाशी झोपत नाही. हवा स्वच्छ, ताटात मासळी. मग ही आरोग्यातली विषमता तुम्ही आणता कुठून?" रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यावर चार शब्द बोलायला उभे राहिले की हा सवाल हमखास येतो. विचारणाऱ्यांचे आपल्या मुलखावर प्रेम असते, म्हणून त्यांचे म्हणणे आधी पुरते मांडतो.

ते म्हणतात, २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८२ टक्के आहे. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, राज्यात सर्वांत जास्त. गरिबालाही स्वतःचे घर आहे. जातीपातीचे म्हणाल तर १९३१ साली रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडले. १०८ची रुग्णवाहिका फोन केला की येते, २०२३पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. एवढे असून माणूस आजारी पडत असेल, तर तो तंबाखूने, दारूने आणि दुखणे अंगावर काढण्याच्या सवयीने.

११२२पासून सुरुवात करू. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, पण शून्य ते सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण हजाराच्या खाली उतरते. मुली जास्त जन्मत नाहीत. कर्ते पुरुष इथे राहत नाहीत. गिरण्यांच्या काळापासून घरटी एकजण मुंबईला गेला, गिरण्या बंद पडल्यावरही वाट तीच राहिली. मागे उरली ती बाई. भातलावणी तिची, गुरे तिची, सासूसासरे तिचे, आणि ती तापाने फणफणली तर तिला दवाखान्यात नेणारे घरात कुणी नाही. जो आकडा आपण स्त्रीच्या सन्मानाचा म्हणून मिरवतो, त्यात तिचे एकटेपण मोजलेले आहे.

साक्षरतेच्या सरासरीचेही असेच. कोकणात गाव कागदावर असते, माणसे राहतात वाडीत. एका ग्रामपंचायतीत दहा-पंधरा वाड्या, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, टेकडी, कातळाचा सडा. एका वाडीतून दुसरीत जायला अर्धा-पाऊण तास लागतो, पावसात कधी कधी जाताच येत नाही. या वाड्या सहज अशा वसलेल्या नाहीत. देऊळ, मोठी विहीर, बागायत आणि नंतर आलेला डांबरी रस्ता एका बाजूला; बौद्धवाडी कडेला, डोंगराच्या उताराला; धनगरवाडा सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा त्याच्याही वर; खेड, दापोली, मंडणगडकडे कातकऱ्यांची वस्ती बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर. खोतीने, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनपद्धतीने, हा नकाशा पक्का केला. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. कायदा १९४९ साली झाला. खोती गेली, पण घरे होती तिथेच राहिली. गावाची सरासरी काढताना देवळाजवळची वाडी आणि उतारावरची वाडी एकाच बेरजेत जातात, आणि उतारावरचे दुखणे बेरजेत दिसेनासे होते.

एप्रिलच्या अखेरीस एका धनगरवाड्यावर गेलो होतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्याच्या कातळावरून तो धावत समुद्राला जातो. त्या वाड्याचे पाणी म्हणजे खालच्या घळीतला झरा. खड्ड्यात वाटीवाटीने पाणी जमते. एक बाई वाटीने हंडा भरत बसली होती, सातवा महिना. हंडा भरायला वीसेक मिनिटे गेली. मग डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि सुटलेल्या दगडांची चढण. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे भाऊ, तुमचा पाय घसरेल." अशा चार खेपा सकाळच्या, दोन संध्याकाळच्या.

या खेपांचा हिशेब बाळाच्या वजनात उतरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतातली आणि घरातली कष्टाची कामे जास्त करणाऱ्या बायकांची बाळे वजनाने कमी भरली. याच अभ्यासमालेने दाखवले की आपल्याकडची हलकी बाळे दिसायला किडकिडीत असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने जिल्ह्यातल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींवर दीर्घकालीन अभ्यास सुरू केला तो याच साखळीचा माग काढण्यासाठी. म्हणजे पन्नाशीत साखर वाढलेल्या माणसाला "खाण्यावर ताबा ठेवा" असे आपण सांगतो, तेव्हा त्याच्या दुखण्याची सुरुवात आईच्या डोक्यावरच्या हंड्यात झालेली असू शकते. हंडा का, तर नळ तिथपर्यंत आला नाही. नळ का आला नाही, तर वाडी शेवटची.

सवयीचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तंबाखूची मिसरी दातांना लावणाऱ्या बायका वाडीवाडीत आहेत, दारूने घरे बसली आहेत. पण सवयीने सगळे उलगडते का? १९६७पासून लंडनच्या सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना मोफत सरकारी वैद्यकीय सेवा. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचे मृत्युमान सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब सगळे हिशेबात धरूनही मोठा फरक शिल्लकच राहिला. आरोग्य-संशोधक मायकेल मार्मट यांनी त्यातून आयुष्यभराचे काम उभे केले. पायरीगणिक आयुष्य कमी होत जाते, असे त्यांचे सांगणे आहे. लंडनच्या कचेरीत हे घडत असेल, तर जिथे पायऱ्या जातीच्या, जमिनीच्या आणि अक्षरशः डोंगराच्या आहेत, तिथे काय होत असेल?

आणि दुखणे अंगावर काढणे ही सवय नव्हे. रोजगार बुडवून, रिक्षाला पैसे मोजून ग्रामीण रुग्णालयात जायचे आणि "उद्या या" ऐकून परतायचे, हे दोनदा घडले की माणूस तिसऱ्यांदा जात नाही. माझ्या शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने असेच तिसऱ्यांदा जायचे टाळले. त्याचा क्षय कळला तोवर घरातल्या नातवालाही खोकला लागला होता. त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१०८च्या गाडीचे मोल मी जाणतो. २०१४पासून तिने कितीतरी जीव वाचवले. पण गाडी रस्त्यावर थांबते. तिथपर्यंत चादरीची झोळी बांबूला बांधून चार माणसांनी न्यायचे, आणि वाडीत चार धट्टे पुरुष उरले आहेत कुठे? औषधाचेही तेच. शेजारच्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवला, आणि पूर्वी दगावणारी मुले वाचू लागली. गोळी स्वस्त आहे, पण ती वेळेत पोटात जावी लागते. विंचू निघतो जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, अनवाणी पायांखाली. गोळी असते रस्त्यालगतच्या आरोग्य केंद्रात. वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली हेच मांडले होते: जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे चांगली सेवा सर्वांत कमी पोहोचते. वैद्यकीय महाविद्यालय हवेच होते. पण मंडणगडच्या टोकापासून ते सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे, आणि धनगरवाड्यापासून रस्त्यापर्यंतचा पहिला दीड किलोमीटर त्याहून अवघड.

जातीचे काय? पतितपावनचे महत्त्व कमी लेखायचे कारण नाही. मात्र २२ जुलै २०२१च्या पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे गावात दरड कोसळून सतरा माणसे गाडली गेली, ती बौद्धवाडी होती. पाऊस सगळ्या गावावर पडला. उताराखाली कुणाची घरे आहेत, हे त्या रात्री ठरले नव्हते.

डिसेंबर २०२०मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. मला तो निर्णय मनापासून पटतो. माणसाच्या पत्त्यात त्याचा अपमान असू नये. आता काहीजण म्हणतात, तुम्ही वाडीवार आजार मोजायला सांगता म्हणजे मिटवलेली जात पुन्हा उकरता. नाव जरूर बदला. समतानगर म्हणा, क्रांतीनगर म्हणा. पण त्या समतानगरात मे महिन्यात नळाला किती दिवस पाणी आले, पावसात तिथून बाळंतिणीला रस्त्यावर आणायला किती वेळ लागला, गेल्या पाच वर्षांत तिथे किती क्षयरोगी सापडले, हे जर कुठेच लिहिलेले नसेल, तर नव्या पाटीखाली जुनीच वाडी राहील.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आरोग्याचे नियोजन गावाऐवजी वाडी धरून करा. हजार लोकसंख्येमागे एक आशाताई हे माप सपाटीवरचे आहे. आमच्याकडे हजार माणसे सात डोंगरउतारांवर विखुरलेली असतात, तेव्हा माप चालण्याच्या वेळेचे हवे. ग्राम आरोग्य समितीचा निधी थोडा असतो, तो आधी शेवटच्या वाडीवर खर्च करा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत प्रत्येक मृत्यूपुढे वाडीचे नाव वाचा. साकव, नळ आणि पाखाडी म्हणजे दगडी पायवाट यांना आरोग्याची कामे समजा. सार्वजनिक बांधकाम खात्याला हे पटवणे अवघड आहे, तरी पटवावेच लागेल. याची सुरुवात करायला नवा शोध लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. लागते ती फक्त यादी, खरी आणि रोज वापरातली.

तशी एक यादी मी पाहिली आहे. एका आशाताईच्या सरकारी नोंदवहीत गावाचा रकाना आहे, वाडीचा नाही. तिने समासात शिसपेन्सिलीने स्वतःच्या खुणा केल्या आहेत: फुली म्हणजे पऱ्या भरला की वाट बंद, गोल म्हणजे घरात पुरुषमाणूस नाही. फुली आणि गोल दोन्ही असलेल्या घरात कुणी गरोदर असेल, तर मिरग लागायच्या आत ती तिला खालच्या वाडीत कुणा पाहुण्याकडे आणून ठेवते. पाहुणा नसेल तर स्वतःच्या पडवीत. यंदा तिच्या समासात अशी तीन नावे आहेत, आणि पडवीत जागा दोघींपुरती.